कोल्ह्याच्या वासाचा कांदा

दसऱ्याच्या सुट्टीवर भाचा रणधीर गुरेझहून आला,
लोकरी मोज्यात तीन कांदे घेऊन.
एक मिरज यायच्या आधीच कुजला,
एक मालननं वासावरून उकिरड्यावर टाकला,
उरला तो मुठीएवढा, पिवळट,
आणि मधोमध भोक,
गेल्या वर्षीचा दांडा जिथून निघून गेला तिथं.

वास कोल्ह्याचा.
मी काही कोल्हा हुंगलेला नाही.
पण पंचगंगेच्या मळीत जन्म गेलेले थोरले मेहुणे
नाकाला लावून म्हणाले, कोल्हाच.
मग पत्ता बरोबर आहे, म्हटलं.

फोटोत तो कमरेएवढा उभा आहे.
शेंड्याला पानांचा तुरा, त्याखाली गोल,
माना खाली घातलेल्या विटकरी घंटा.
नाव क्राऊन इम्पीरियल.
मालन म्हणाली, संस्थानच्या गावात मुकुटाचं काय कौतुक?
त्यानं उंदीर पळतात का तेवढं बघा.
(पळाले. तिनं ते अजून कबूल केलेलं नाही.)

त्याला थंडी पाहिजे, चौदा आठवडे, सलग.
आमच्याकडं थंडी म्हणजे
रंकाळ्यावर सकाळी मफलर दिसतात तेवढीच.
फ्रीजमध्ये ठेवला तर
दुधाला कोल्हा, लोण्याला कोल्हा,
रविवारच्या पांढऱ्या रश्श्याला कोल्हा.
चौथ्या दिवशी कांदा आणि मी,
दोघंही जिन्यात.

मग हारुण बागवान. मार्केट यार्डात त्याचं कोल्ड स्टोरेज.
"ठेवा की काका, एका कांद्याचं काय भाडं घेऊ?"
वरच्या फळीवर, काश्मिरी सफरचंदांच्या पेट्यांना खेटून,
भुश्श्याच्या डब्यात ठेवला.
शटर पडताना बरं वाटलं,
त्याच्याच मुलखाची माणसं सोबतीला आहेत.

माघात कुंडीत लावला. कुशीवर.
भोक वर राहिलं तर पाणी साचतं,
म्हणून तान्ह्यानं दूध ओकू नये असं निजवतात ना,
तसा.

बाविसाव्या दिवशी हिरवं बोट वर आलं, चकचकीत.
रोज सकाळी चहाच्या आधी मी मापायचो.
चौतीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत लाकडी पॅटर्न केले;
आम्हा पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी.
ओतलेलं बीड निवताना आकसतं
म्हणून ती मुळातच शंभराला एक जादा.
त्या पट्टीनं तो दोनशे ऐंशी मिलिमीटर झाला
आणि थांबला.
शेंड्याला, घंटा यायच्या तिथं,
तांदळाएवढं काहीतरी, तपकिरी,
बोट लावलं तर कागदासारखं वाजलं.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेले निंबाळकर सर
कुंडीपाशी उकिडवे बसले. विचारलं, ठेवला होता कुठं?
सांगितलं.
ते बराच वेळ माती चिमटीत चोळत राहिले.
मग म्हणाले, सफरचंद पिकताना एक वायू सोडतं,
श्वासच म्हणा,
त्यानं कांद्याच्या पोटातलं फूल पोटातच जळतं.

चहा झाला. सर गेले.
त्याच्याच मुलखाची माणसं.

हारुण भेटतो, भर रस्त्यात स्कूटर थांबवतो.
"काका, आलं का आमचं फूल?"
आमचं म्हणतो तो.
मी म्हणतो, उन्हानं गेलं रे.
मार्चच्या उन्हाला काय, आणखी एक आळ.

चैत्रात पानं पिवळी पडून आडवी झाली.
उकरला, तर कांदा जरा रोडावलेला,
आणि बुडाला चिकटून बोराएवढा एक नवा.
त्यालाही तोच वास.
बर्फाच्या कारखान्यातल्या दत्तोबाशी बोलून ठेवलंय,
तिथं फळं नसतात.
मालन म्हणते, कोल्हा काकडीला राजी.
म्हणू दे.

पट्टीनं दोनशे ऐंशी सांगितलं होतं.
पण पट्टी लांब आहे, म्हणजे रोप
खरं तर थोडं जास्तच भरणार,
दोनशे ब्याऐंशी, जवळजवळ त्र्याऐंशी.
वहीत खाडाखोड करून
तेवढं लिहून ठेवलंय.